डेनिस लॉ : एका गोलाची दंतकथा आणि एका कारकिर्दीचा इतिहास

२७ एप्रिल १९७४. मँचेस्टरमधील ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान. इंग्लंडच्या प्रथम विभागीय लीगचा हंगाम संपत आलेला. सहाच वर्षांपूर्वी युरोपचे अजिंक्यपद मिळवणारा मँचेस्टर युनायटेड हा संघ द्वितीय विभागात ढकलला जाण्याच्या काठावर उभा, आणि समोर त्याच शहरातला जुना प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटी. सामना संपायला दहाएक मिनिटे उरली असताना सिटीच्या फ्रान्सिस लीने गोलच्या तोंडाशी चेंडू सरकवला. तेथे गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या चौतीस वर्षांच्या खेळाडूने तो टाचेने मागे ढकलला आणि युनायटेडचा गोलरक्षक अलेक्स स्टेपनी पाहत राहिला. सहकारी अभिनंदनासाठी धावत आले. परंतु गोल करणाऱ्याचा हात वर गेला नाही, चेहऱ्यावर हसू उमटले नाही. त्याच्या जागी लगेच दुसरा खेळाडू आला आणि तो मान खाली घालून बाहेर गेला. थोड्याच वेळात प्रेक्षक मैदानात घुसले, पंचांना सामना थांबवावा लागला आणि तो पुढे सुरू झालाच नाही. १-० हा निकाल मात्र कायम धरण्यात आला.

हा खेळाडू म्हणजे डेनिस लॉ. ज्या मैदानावर त्याने हा गोल केला, त्याच मैदानावर अकरा वर्षे तो यजमान संघाचा आघाडीचा खेळाडू होता. युनायटेडसाठी त्याने ४०४ सामन्यांत २३७ गोल केले होते, आणि तिथल्या स्ट्रेटफर्ड एन्ड या सज्जातल्या प्रेक्षकांनी त्याला 'राजा' हा किताब दिला होता.

या प्रसंगाची जी गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली ती थोडक्यात अशी : घरातून काढून दिलेला मुलगा शेजाऱ्याच्या घरी गेला आणि एके दिवशी परत येऊन त्याने टाचेच्या एका फटक्याने आपलेच घर पाडले. गोष्ट म्हणून ती निर्दोष आहे. तीत सूड आहे, पश्चात्ताप आहे, नियती आहे आणि काळवेळेचे ऐक्यही आहे. शोकात्मिकेला लागणारे सारे द्रव्य एका फटक्यात सामावलेले आहे. अडचण एवढीच, की ती खरी नाही. त्या गोलाने युनायटेडची पदावनती झाली नाही.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. राजवाड्यांच्या पिढीने तो आपल्याला शिकवला आहे. बखर खोटी ठरली म्हणून टाकाऊ होत नाही, हेही आपण नंतरच्या अभ्यासकांकडून शिकलो. बखर काय सांगते यापेक्षा ती तसे का सांगते, हा प्रश्न अनेकदा अधिक फलदायी ठरतो. डेनिस लॉच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहिले, तर एका फुटबॉलपटूच्या चरित्रापलीकडचे काही हाती लागते.

लॉचा जन्म २४ फेब्रुवारी १९४० रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील अ‍ॅबर्डीन शहरात झाला. वडील मासेमारीच्या बोटीवर काम करीत आणि आठवड्यातील बहुतेक दिवस समुद्रावर असत. सात भावंडांत डेनिस धाकटा. घरची ओढगस्त एवढी, की त्याचे फुटबॉलचे पहिले बूटही दुसऱ्याने वापरून झालेले होते. शिवाय डोळ्याला मोठा तिरळेपणा होता. लहानपणापासून चष्मा होता आणि खेळताना चष्मा काढावा लागे, म्हणून हा मुलगा एक डोळा मिटून खेळत असे. शाळेत तो हुशार होता. अ‍ॅबर्डीन ग्रामर स्कूल या प्रतिष्ठित शाळेत त्याला प्रवेश मिळत होता, परंतु तिथे फुटबॉलऐवजी रग्बी खेळावे लागणार, हे कळल्यावर त्याने तो नाकारला. तळच्या वर्गातल्या मुलाला वर चढण्याची जी शिडी समाजाने देऊ केली होती तिच्याकडे पाठ फिरवून त्याने दुसरी निवडली. ती टिकेल की नाही याची शाश्वती कोणी दिली नव्हती.

१९५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडच्या यॉर्कशरमधील हडर्सफील्ड टाउन या क्लबात दाखल झाला. पहिल्या भेटीत या काटकुळ्या, चष्मेवाल्या पोराकडे पाहून हा फुटबॉल खेळेल, यावर तिथल्या जाणत्यांचा विश्वास बसला नाही. मात्र क्लबाने त्याला ठेवून घेतले आणि हडर्सफील्डमध्ये असतानाच त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळे उघडे ठेवून मैदान पाहण्याचा हा अनुभव त्याच्या आयुष्यात फार मोठा होता. डिसेंबर १९५६ मध्ये, सोळा वर्षांचा असतानाच, तो क्लबाच्या मुख्य संघातून खेळला. त्या वेळी तेथे व्यवस्थापक होते बिल शँक्ली. तेही स्कॉटिश, कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेले. पुढे लिव्हरपूल क्लबाचा कायापालट करणारे ते हेच. या हाडकुळ्या मुलाला त्यांनी दूध पाजून आणि मांस खाऊ घालून अंगाने भरीव केले, असे सांगतात.

मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनीही हा मुलगा लवकरच हेरला होता. त्यांनी त्याच्यासाठी दहा हजार पौंड देऊ केले, पण हडर्सफील्डने नकार दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात बस्बींच्या संघातील आठ खेळाडू मृत्युमुखी पडले. ते स्वतःही मरणाच्या दारातून परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची तात्पुरती जबाबदारी सांभाळत असताना त्यांनी अठरा वर्षांच्या लॉला वेल्सविरुद्ध खेळवले, आणि त्याने पहिल्याच सामन्यात गोल केला. बस्बीही खाणकामगाराच्या घरातले, आणि त्यांनी फुटबॉलच्या आधारे दक्षिणेचा रस्ता धरलेला. शँक्ली, बस्बी आणि लॉ या तिघांकडे एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते, की इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्कॉटलंडमधून बाहेर पडलेल्या श्रमिकांचा इतिहास आहे.

या श्रमिकांच्या बाजारपेठेचे नियम येथे समजून घेतले पाहिजेत. १९०१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन अखेरीस आठवड्याला वीस पौंडांवर आली होती. खेळाडू कितीही थोर असो, क्लब त्याला त्याहून अधिक पगार देऊ शकत नसे. दुसरीकडे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला अशी मर्यादा नव्हती. शिवाय करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्या ताब्यात राही, त्यामुळे क्लबाच्या मर्जीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटीने लॉला ५५ हजार पौंडांना विकत घेतले. ब्रिटनमध्ये तोवर कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. एका क्लबाने दुसऱ्याला ५५ हजार पौंड द्यायचे आणि ज्याच्यासाठी ते द्यायचे त्याला आठवड्याला वीस! खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ही पगारमर्यादा उठली. खेळाडूला अडकवून ठेवणाऱ्या पद्धतीवर न्यायालयाचा आघात व्हायला १९६३ साल उजाडावे लागले. लॉची कारकीर्द नेमकी या संधिकाळात घडली आहे, आणि तिच्यातील बहुतेक पेचप्रसंग या व्यवहाराच्या पोटातून आलेले आहेत.

त्याच जानेवारी महिन्याच्या अखेरीस घडलेला एक प्रसंग इतिहासलेखनाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. एफ. ए. कपच्या चौथ्या फेरीत सिटीचा सामना ल्यूटन टाउनशी त्यांच्या मैदानावर होता. सिटी दोन गोलांनी मागे पडली, आणि मग लॉने एकामागून एक सहा गोल केले. ६-२ अशी आघाडी असताना, सुमारे वीस मिनिटांचा खेळ शिल्लक राहिला असता, पावसाने मैदानाचा चिखल झाला म्हणून पंचांनी सामना सोडून दिला. नियमानुसार तो रद्द ठरला. चार दिवसांनी तो पुन्हा खेळवण्यात आला तेव्हा ल्यूटनने ३-१ असा विजय मिळवला. सिटीचा एकमेव गोलही लॉचाच होता. एका कप सामन्याच्या निमित्ताने त्याने सात गोल केले आणि तरी त्याचा संघ स्पर्धेबाहेर गेला. हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेले ते सहा गोल अधिकृत आकडेवारीत मात्र नाहीत. घडलेले सारेच इतिहासात येत नाही. ज्याला नोंदीची मान्यता मिळते तेवढेच येते. 'साधने' या शब्दाची मर्यादा शिकवताना याहून सोपे उदाहरण क्वचित सापडेल.

१९६१ च्या उन्हाळ्यात इटलीतील तोरिनो क्लबाने १ लाख १० हजार पौंड मोजून लॉला नेले. त्याच सुमारास जो बेकर हा दुसरा आघाडीचा खेळाडूही स्कॉटलंडमधील हिबर्नियन क्लबातून तिथे आला. इटलीत पैसा होता, चांगली हवा होती, पण खेळ निराळा होता. तिथल्या पोलादी बचावापुढे आघाडीच्या खेळाडूला सामन्यात एखाद-दुसरीच संधी मिळे. बाहेरच्या आयुष्यावरही क्लबाची आणि छायाचित्रकारांची नजर असे. फेब्रुवारी १९६२ मध्ये बेकर चालवीत असलेली मोटार उलटली. तो जबर जखमी झाला, लॉ थोडक्यात बचावला. हंगामाच्या शेवटी तर एका कप सामन्यात स्वतःच्याच प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून पंचांनी लॉला बाहेर काढले. त्याचा अपराध एवढाच, की आपण करू नये असे बजावलेली थ्रो-इन त्याने घेतली होती. तो चिडून निघाला. क्लबाने त्याला युव्हेंटसला परस्पर विकण्याचा घाट घातला, तेव्हा त्याने सरळ अ‍ॅबर्डीनचे घर गाठले. माणूस क्लबाच्या मालकीची वस्तू आहे, या समजुतीला त्याने दिलेले हे उत्तर होते. अखेर जुलै १९६२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने १ लाख १५ हजार पौंड देऊन त्याला घेतले. हाही ब्रिटनमधील नवा उच्चांक होता. चार वर्षे ज्याच्या मागावर बस्बी होते तो खेळाडू अखेर त्यांच्याकडे आला.

पुढची काही वर्षे हे लॉच्या कारकिर्दीचे शिखर होते. १८ ऑगस्ट १९६२ रोजी वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियनविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. मे १९६३ मध्ये लेस्टरविरुद्धच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचाच होता. युनायटेडने तो सामना ३-१ असा जिंकला. म्युनिकनंतर क्लबाला मिळालेले हे पहिले मोठे यश. १९६३-६४ च्या हंगामात त्याने सर्व स्पर्धांत मिळून ४६ गोल केले. एका हंगामातला युनायटेडचा हा विक्रम पुढे कोणी मोडू शकले नाही. १९६४ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा 'बालों दोर' पुरस्कार त्याला मिळाला. तो मिळवणारा तो एकमेव स्कॉटिश खेळाडू. १९६४-६५ आणि १९६६-६७ या दोन हंगामांत संघाने लीगचे विजेतेपद पटकावले. बॉबी चार्ल्टन, जॉर्ज बेस्ट आणि लॉ या त्रयीचे नाव तेव्हापासून एका दमात घेतले जाऊ लागले.

त्याचा खेळ कसा होता? शरीर सडपातळ, उंची बेताची. तरी हेडरसाठी उडी घेतली की तो क्षणभर हवेतच थांबल्यासारखा भासे, असे त्याला पाहिलेले सांगतात. गोलच्या तोंडाशी चेंडू कुठे पडणार हे त्याला बचावपटूच्या आधी कळे. पाठ गोलकडे असताना पाय डोक्यावर नेऊन मारलेले फटके ही त्याची खासियत. स्वभाव तापट. मारणाऱ्याला तो मारून घेई आणि त्यापायी दीर्घ निलंबने सोसी. अंगातल्या सदऱ्याच्या बाह्या तो मुठीत धरून खेळे. गोल झाला की एकच हात वर, एक बोट आकाशाकडे आणि मुठीत बाहीची कड. हे दृश्य त्या दशकातल्या छायाचित्रांतून इतके पक्के झाले आहे, की १९७४ च्या एप्रिलमध्ये तो हात वर न जाणे यालाच अर्थ प्राप्त झाला. एरवी खेळाडूच्या न केलेल्या हालचालीची कोण दखल घेते?

बस्बी आणि लॉ यांच्या नात्याचे वर्णन करताना 'पितृतुल्य' हा शब्द सर्रास वापरला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. १९६६ च्या उन्हाळ्यात लॉने नव्या करारासाठी अधिक पैसे मागितले आणि ते न मिळाल्यास जाण्याची भाषा केली. बस्बींनी त्याला तत्काळ विक्रीच्या यादीत टाकले. अखेर लॉला जाहीर माफी मागावी लागली आणि मगच तो यादीतून निघाला. पगाराची कमाल मर्यादा उठून पाच वर्षे झाली होती, पण मालक-नोकर संबंधाची रीत उठली नव्हती. पित्याच्या मायेने वागवणाऱ्या संस्थेला हिशेब मागता येत नाही, हा अनुभव शिक्षणसंस्थांत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना अगदीच अपरिचित नसावा.

राष्ट्रीय संघासाठी लॉने ५५ सामन्यांत ३० गोल केले. केनी डॅलग्लिशने पुढे या संख्येशी बरोबरी केली, मात्र त्याला १०२ सामने लागले. इंग्लंडमध्ये पोट भरणाऱ्या या माणसाचे स्कॉटिशपण कमालीचे टोकदार होते. ३० जुलै १९६६ रोजी, इंग्लंड आपल्या एकमेव विश्वचषकाचा अंतिम सामना वेम्बलीवर खेळत असताना, लॉ गोल्फच्या मैदानावर होता. तो सामना पाहण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्या सामन्यात चार्ल्टन आणि नॉबी स्टाइल्स हे त्याचे क्लबातले दोन सहकारी खेळत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीतला काटा जाणवतो. नऊ महिन्यांनी, १५ एप्रिल १९६७ रोजी, त्याच वेम्बलीवर स्कॉटलंडने विश्वविजेत्या इंग्लंडला ३-२ असे हरवले. पहिला गोल लॉचा होता. विश्वचषक जिंकल्यानंतरचा इंग्लंडचा तो पहिला पराभव.

शिखरावरून उतार सुरू होतो तो गुडघ्यापासून. जायबंदी गुडघ्यावर इंजेक्शने घेत तो खेळत राहिला. २९ मे १९६८ रोजी युनायटेडने बेन्फिकाला हरवून युरोपियन कप जिंकला. म्युनिकच्या दशवार्षिक शोकाची ती सांगता होती. त्या रात्री लॉ मैदानावर नव्हता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मँचेस्टरच्या एका रुग्णालयात पडून तो दूरदर्शनसंचावर सामना पाहत होता. ज्या यशासाठी बस्बींनी त्याला आणले होते त्या यशाच्या छायाचित्रात तो नाही.

१९६९ मध्ये बस्बी पदावरून बाजूला झाले. मागे उरला तो वयस्क होत चाललेला संघ आणि थोड्या काळात बदलत गेलेले व्यवस्थापक. डिसेंबर १९७२ मध्ये टॉमी डॉकर्टी हे स्कॉटिश गृहस्थ त्या खुर्चीत बसले. १९७३ च्या उन्हाळ्यात क्लबाने लॉला 'फ्री ट्रान्स्फर' दिली, म्हणजेच एक पैसाही न घेता मोकळे केले. लॉच्या म्हणण्यानुसार, आपण काही काळाने सन्मानाने निवृत्त व्हावे असे ठरले होते. प्रत्यक्षात तो अ‍ॅबर्डीनला असताना दूरदर्शनच्या बातम्यांत त्याने आपल्याच मुक्ततेची बातमी ऐकली. अकरा वर्षांच्या नोकरीचा शेवट मालकाने आधी जगाला सांगितला, मग नोकराला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण मँचेस्टरमध्येही लागू पडते.

सिटीने त्याला पुन्हा बोलावले. १९७३-७४ च्या हंगामात तो त्यांच्यासाठी लीगचे २४ सामने खेळला आणि ९ गोल केले. नववा गोल टाचेचा.

आता अस्सल कागद पाहू. त्या काळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळे. सिटीशी सामना सुरू होताना युनायटेडचे ३२ गुण होते आणि या सामन्याखेरीज स्टोक सिटीविरुद्धचा एकच सामना बाकी होता. दोन्ही सामने जिंकले असते तरी बेरीज ३६ च्या पुढे जात नव्हती. त्याच दुपारी बर्मिंगहॅम सिटीने नॉरिचला २-१ असे हरवले आणि ३७ गुणांवर हंगाम संपवला. प्रथम विभागात राहण्याची शेवटची जागा त्यांनी घेतली. म्हणजे लॉची टाच चेंडूला लागली नसती, किंबहुना युनायटेडने तो सामना जिंकला असता, तरी पदावनती अटळ होती. फार तर एवढेच म्हणता येईल, की तो चेंडू मारताना लॉला किंवा मैदानातल्या कोणालाही हा हिशेब पुरा ठाऊक असणे शक्य नव्हते. बर्मिंगहॅमचा सामना त्याच वेळी दुसऱ्या शहरात चालू होता.

युनायटेडचा तो हंगाम खरोखर कशाने बुडाला? ४२ सामन्यांत त्यांनी अवघे ३८ गोल केले. पेनल्टी मारण्यासाठी गोलरक्षक स्टेपनीला पुढे पाठवण्याची पाळी आली आणि त्याने दोन गोलही केले. ज्या संघाने गोल करणाऱ्याला विनामोबदला सोडले, त्याला गोल करायला गोलरक्षक पाठवावा लागला! त्यात चार्ल्टन निवृत्त झालेला, बेस्ट जानेवारी १९७४ नंतर दिसेनासा झालेला. बस्बींच्या पश्चात वारसाची नीट व्यवस्था न लावू शकलेली संस्था आपल्याच वजनाखाली खचत होती. हा ऱ्हास पाच वर्षांचा आहे, गुंतागुंतीचा आहे, आणि त्याला कोणताही एक चेहरा नाही. म्हणूनच तो सांगायला अवघड आहे.

दंतकथेचे कार्य येथे सुरू होते. काय घडले ते इतिहासकार सांगतो आणि काय घडू शकेल ते कवी सांगतो, असा भेद अ‍ॅरिस्टॉटलने केला. दंतकथा या दोहोंच्या मधोमध उभी असते. काय घडायला हवे होते, ते 'घडले' म्हणून ती सांगते. पाच वर्षांचा संस्थात्मक ऱ्हास तिने एका टाचेत गोळा केला. पण या संक्षेपात एक अन्याय दडलेला आहे. संस्थेने केलेल्या चुकांचे कर्तेपण त्या चुकांचा बळी ठरलेल्या माणसाकडे जाते. कोणी त्याला 'सूड' म्हणून दाद देते, कोणी 'नियती' म्हणून हळहळते. दोन्ही वाचनांत कार्यालयातील खुर्च्या दृष्टीआड होतात. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते. आपल्या आसपासच्या संस्थांच्या पडझडीच्या गोष्टीही आपण अशाच रचत नाही ना, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

येथे एक आक्षेप संभवतो. लॉला स्वतःला त्या गोलाचे दुःख झाले होतेच ना? झाले होते. पुढे अनेक मुलाखतींत त्याने त्याविषयी खिन्नपणेच सांगितले. वीस वर्षे ज्या गोष्टीसाठी तो जिवाचे रान करीत आला ती गोष्ट घडली आणि ती घडायला नको होती, असे त्याला वाटले. मात्र त्याचे दुःख आणि दंतकथेतले अपराधीपण यांत गल्लत करता कामा नये. त्याने घर पाडले नव्हते. पडत्या घराची शेवटची वीट निखळताना तो तेथे हजर होता, आणि तीही दुसऱ्याच्या अंगणातून. बातम्या ऐकून कळलेल्या निरोपानंतरही त्याची माया आटली नव्हती, एवढेच त्या वर न गेलेल्या हाताने सिद्ध होते. दंतकथेतील सूडापेक्षा हे सत्य अधिक करुण आहे, आणि कलादृष्ट्याही अधिक समृद्ध आहे.

तो लीगमधील त्याचा शेवटचा चेंडू ठरला. जून १९७४ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडकडून झाईरविरुद्ध विश्वचषकातला एकमेव सामना खेळला आणि त्या उन्हाळ्यातच निवृत्त झाला. युनायटेड एका वर्षात द्वितीय विभाग जिंकून परतले. काळाने भांडणही मिटवले. २००८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डबाहेर बेस्ट, लॉ आणि चार्ल्टन यांचे एकत्र शिल्प उभे राहिले. त्यात लॉचा हात वर आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉने स्वतःच जाहीर केले, की आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार झाला आहे. आजार लपवून ठेवायचा नाही, असा त्याचा निर्णय होता. स्टाइल्स २०२० मध्ये आणि चार्ल्टन २०२३ मध्ये गेले, आणि दोघांनाही हाच विकार जडला होता. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. कोणा एका खेळाडूच्या आजाराचे कारण अशा आकड्यावरून सांगता येत नाही, हे खरे. तरी पावसात भिजून जड झालेल्या चामड्याच्या चेंडूला हजारो वेळा कपाळ लावणाऱ्या त्या पिढीकडे पाहताना 'हवेत थांबल्यासारखा भासे' हे कौतुकाचे वाक्य आता पूर्वीसारखे हलकेपणाने लिहिता येत नाही. वीस पौंडांच्या मर्यादेत वाढलेल्या त्या श्रमिकांनी खेळाला काय काय दिले, याचा हिशेब पुरा झालेला नाही.

१७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डेनिस लॉचे निधन झाले. त्याची चित्रफीत पुन्हा एकदा जगभर दाखवली गेली आणि टाचेच्या त्या गोलाची गोष्टही पुन्हा सांगितली गेली. ल्यूटनच्या चिखलात सहा गोल झाले, पण नोंदले गेले नाहीत. ओल्ड ट्रॅफर्डवर एक गोल झाला, आणि जे घडलेच नाही ते त्याच्या नावावर नोंदले गेले. या दोन नोंदींच्या मधल्या जागेत एका कोळ्याचा तिरळा मुलगा एक डोळा मिटून चेंडूमागे धावतो आहे. इतिहासकाराला त्याच्यासाठी फार काही करता येत नाही. गुणतक्ता काढून, बेरीज करून, त्याच्या माथ्यावरचा एक खोटा आळ तेवढा उतरवता येतो.